दोन मिलिमीटर

धाकटी सेहेचाळीस वर्षांची होती, नुकतीच आजी झाली होती, तरी अख्खा रस्ता तिला धाकटीच म्हणायचा. कारण वर्कशॉप दोघा बहीणभावांचं, आणि दादा तिच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा ती शाळेत होती. दादानंच तिच्या हातात पहिल्यांदा वेल्डिंगचा होल्डर दिला आणि वर दम भरला, "घाबरलीस तर टाका वाकडा येतो. टाका वाकडा आला तर मीही वाकडा येईन."

दादाचा टाका बघण्यासारखा असायचा. नाणी एकावर एक आडवी कलंडवून ठेवावीत, तसा एकसारखा. नवरा वारल्यावर धाकटी कायमची माहेरी आली, मागच्या दोन खोल्यांत राहू लागली आणि वर्कशॉपमध्ये दादाच्या बरोबरीनं उभी राहिली. दादा कमी बोलायचा, वहिनी त्याच्या वाटचंही बोलून घ्यायची. दिवस बरे चालले होते.

गावाच्या वरच्या अंगाला नदीवर एक छोटं वीजकेंद्र होतं. दरवर्षी पाणी उबदार व्हायला लागलं की नदीच्या उगमाकडे जन्मलेली माशांची पिल्लं समुद्राकडे निघायची. बोटभर लांबीची, चंदेरी, हजारोंनी. हा उतरणीचा काळ जेमतेम पंधरा दिवसांचा. पण धरणापाशी पाण्याची ओढ जनित्राच्या तोंडाकडे असायची आणि पिल्लं आत खेचली जाऊन पात्यांत सापडायची. नदीखात्यातल्या मोजणीवाल्या बाई अकरा वर्षं त्यासाठी अर्ज करत होत्या. माशांची मोजदाद हे त्यांचं काम, म्हणून गावानं त्यांना तेच नाव ठेवलेलं. शेवटी एकदाचं मंजूर झालं: जनित्राच्या तोंडासमोर चोवीस लोखंडी जाळ्या, आणि त्यांच्या कडेनं एक पन्हळ. पिल्लं जाळीला अडतील, वळतील, पन्हळात शिरतील आणि घसरत धरणाखालच्या नदीत सुखरूप पडतील.

जाळ्यांचं काम दादा-धाकटीकडे आलं. नकाशात एकच गोष्ट ठळक लिहिली होती. दोन सळ्यांमधली फट सहा मिलिमीटर. बाई स्वतः वर्कशॉपमध्ये येऊन सांगून गेल्या होत्या, "बाकी काहीही थोडं इकडंतिकडं चालेल. ही फट नाही. पिल्लाचं डोकं सातभर असतं."

काम सोपं होतं, पण किचकट. दोन सळ्यांच्या मध्ये सहा मिलिमीटर जाडीची पट्टी धरायची, सळीला टाका मारायचा, पट्टी काढून पुढं सरकवायची. एका जाळीत नव्वद सळ्या. दोघांनी मिळून तेरा जाळ्या केल्या. मग धाकटीला लेकीच्या बाळंतपणाला जावं लागलं. महिन्यानं ती परत आली, तर उरलेल्या अकरा जाळ्या तयार होऊन, रंग लावून भिंतीला उभ्या होत्या.

"एकट्यानं केल्यास?" ती म्हणाली.

"मग काय, तू गेलीस म्हणून वर्कशॉप बंद ठेवायचं?" दादा म्हणाला. त्याची बाही कोपरापाशी जळलेली होती. धाकटी हसली. म्हातारा व्हायला लागलास म्हणाली. कोपऱ्यात सळ्यांचा भला मोठा ढीग शिल्लक होता, दीडशेच्या वर. तिनं विचारलं तर तो म्हणाला, "जास्तीच्या आल्या असतील." तिनंही पुढे विचार केला नाही. नातवाच्या कौतुकात होती. केंद्रावरच्या लोकांनी पहिली जाळी मोजली, सहा भरलं, सही करून सगळ्या घेऊन गेले.

उतरण सुरू झाली त्याच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी, मोजणीवाल्या बाई वर्कशॉपच्या दारात उभ्या राहिल्या. हातात प्लॅस्टिकची बादली होती. त्यांनी ती धाकटीच्या पायापाशी ठेवली. आत पिल्लं होती. काहींची डोकी नव्हती, काही मधोमध तुटलेली. काही अख्खी होती, पण त्यांचे डोळे बाहेर आले होते.

"जाळीच्या वरून गेली असतील," धाकटी म्हणाली.

"वरून नाही. तीन दिवस बघतेय. पन्हळात येतायत निम्मी. बाकीची तुमच्या जाळीतून आरपार जातायत."

"आमचं माप चुकत नाही, बाई."

"मलाही तसंच वाटायचं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं, असं धाकटीला वाटलं.

दादा जेवायला घरात गेला होता. धाकटीनं त्याला हाक मारली नाही. खिशात माप घ्यायचा व्हर्निअर टाकला आणि बाईंच्या गाडीत बसली.

केंद्रावर चेनपुलीनं एक जाळी वर घेतली. धाकटीनं पाच ठिकाणी मोजलं. सहा, सहा, सहा. तिचा जीव भांड्यात पडला. तिनं बाईंकडे बघितलंसुद्धा, जरा ताठ मानेनं. मग बाईंनी टोकाकडची एक वर घ्यायला सांगितली. ती अर्धी पाण्याबाहेर आली तेव्हाच धाकटीला कळलं. मोजायच्या आधीच. फटींतून पलीकडची भिंत जास्त दिसत होती.

आठ. सगळीकडे आठ.

दोन सळ्यांच्या मध्ये एक पिल्लू अडकून मेलं होतं. ती ते बोटानं काढायला गेली तर ते सहज पलीकडे निघून गेलं.

मग तिनं टाके बघितले. ही दादाची जाळी होती, पण हा दादाचा टाका नव्हता. काही ठिकाणी टाका सळीवर बसलाच नव्हता, शेजारी पडला होता. काही ठिकाणी एकाच जागी दोनदा मारलेला. नवशिक्यानं, नव्हे, डोळे मिटून कुणीतरी मारावा तसा. आणि त्या ओल्या लोखंडासमोर उभ्या असलेल्या धाकटीला एकदम सगळं उमगत गेलं. जळलेली बाही. कपाच्या शेजारी ओतलेला चहा. "जरा वाचून दाखव, चष्मा आत राहिलाय," असं गेलं वर्षभर रोज म्हणणारा दादा. वर्कशॉपमध्ये सहाच्या पट्टीच्या टोकाला लाल रंग असायचा, आठच्या टोकाला तपकिरी. त्यानं हाताला येईल ती उचलली होती. आणि त्या उरलेल्या सळ्या! फट रुंद झाली की सळ्या कमी लागतात, हे शाळकरी पोरालाही कळलं असतं. ढीग तिच्या डोळ्यांसमोर होता. तिचे डोळे तर धड होते.

केंद्राचे साहेब खाली आले. पन्नाशीचा, थकलेला माणूस. त्यांनी ऐकून घेतलं.

"जनित्र बंद करा," बाई म्हणाल्या. "आत्ता."

"बाई, मेलेले मासे घेऊन तुम्ही दरवर्षी येता. दरवर्षी मी वर कळवतो, दरवर्षी मला विचारतात, पुरावा काय? दोन गावांची वीज आहे ही." मग ते धाकटीकडे वळले. "जाळी चुकलीय, असं जाळी बनवणाऱ्यानं लेखी दिलं, कुणी आणि कशी चुकवली ते लिहिलं, तर मला कुणाला विचारायची गरज नाही. तासाभरात बंद करतो. हा घ्या कागद."

त्यांनी खरंच कागद पुढे केला. पेनही.

धाकटीनं पेन हातात घेतलं. कुणी चुकवली, ते लिहायचं होतं. तिला दादाचं नाव लिहिता येईना. स्वतःचं लिहावं, तर जाळ्यांवर घातलेल्या तारखांच्या दिवसांत ती गावात नव्हती हे सगळ्यांना ठाऊक. आणि मुख्य म्हणजे दादाला ठाऊक नव्हतं की तिला कळलंय. त्याला न सांगता त्याचं आंधळेपण कागदावर लिहायचं?

"मला सगळ्या जाळ्या नीट तपासू द्या," ती म्हणाली. "सकाळी लिहून आणते."

"सकाळी?" बाई म्हणाल्या. "काल वर पाऊस झालाय. पाणी गढूळ होऊन येतंय. अशाच पाण्यात ती झुंडीनं निघतात, अंधार पडला की. आजची रात्र सगळ्यात मोठी आहे, धाकटे."

बाईंनी तिला पहिल्यांदाच त्या नावानं हाक मारली होती. धाकटीनं पेन टेबलावर ठेवलं.

"सकाळी आणते," ती म्हणाली आणि पायीच निघाली.

घरी आली तेव्हा दादा वर्कशॉपच्या बाकावर बसला होता. वहिनी बाजाराला गेली होती. धाकटीनं व्हर्निअर त्याच्या हातात दिला. त्याचे जबडे तिनं मुद्दाम अर्धवट उघडून ठेवले होते.

"किती आहे बघ."

त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, तिरका केला. "तुला वाचता येत नाही का?"

"तू वाच."

"सहा," तो म्हणाला.

"एकवीस आहे, दादा."

व्हर्निअर बाकावर ठेवताना त्यानं आधी दुसऱ्या हातानं बाक चाचपला. इतकी वर्षं एका छपराखाली राहून तिनं हे बघितलंच नव्हतं.

"कधीपासून?"

"मधलं दिसत नाही," तो म्हणाला. "तुझ्याकडे बघितलं की तुझा चेहरा नसतो. कडेचं दिसतं. कान दिसतात." तो हसायला गेला, पण ते जमलं नाही. "दीड वर्ष झालं. आधी एक डोळा, मग दुसरा."

"आणि तू आगीशी खेळत बसलास? वहिनीला माहितीय?"

"कुणालाच नाही."

धाकटीनं जाळ्यांचं सांगितलं. बादलीचं सांगितलं. कागदाचंही सांगितलं. तो ऐकत गेला तसा त्याचा चेहरा राखेसारखा होत गेला. मग त्यानं अंदाजानं तिचा हात शोधला आणि दोन्ही हातांत घट्ट धरला. त्यानं आयुष्यात कधी तिचा असा हात धरला नव्हता.

"लिहू नकोस. नाही, लिही, पण आज नको. आधी मी तुझ्या वहिनीला सांगतो. तिला बाहेरून कळलं तर ती मरेल. मला आजची रात्र दे. सकाळी मी स्वतः तुझ्याबरोबर येतो. माझ्या तोंडानं सांगतो."

"दादा, बाई म्हणतात आजची रात्रच—"

"धाकटे, मी तुझ्याकडे कधी काही मागितलंय?"

नव्हतं मागितलं. खरंच नव्हतं. वडिलांनंतर तिची शाळा, तिचं लग्न, नवरा गेल्यावर तिच्या लेकीचं सगळं, त्यानं केलं होतं आणि एकदाही बोलून दाखवलं नव्हतं. काय करावं? केंद्र पायी पाऊण तासावर होतं. अजून उजेड होता. उठून गेली असती तर पोचली असती. ती बसून राहिली. तिच्या डोक्यात सारखी ती फट येत होती आणि फटीतून सहज निघून गेलेलं ते मेलेलं पिल्लू.

"बरं," ती म्हणाली.

सकाळी ती तयार होऊन दादाच्या दाराशी गेली. वहिनी केर काढत होती, गुणगुणत. गुणगुणण्यावरूनच धाकटीला कळलं, की तिला काही सांगितलेलं नाही.

"दादा उठला?"

"अंग दुखतंय म्हणतात. आज येणार नाहीत कामावर. तू एवढी नटून कुठे निघालीस सकाळी?"

धाकटीनं आत बघितलं. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. जागा होता. खांदे सांगत होते.

"दादा, निघायचं ना?"

त्यानं पांघरूण डोक्यावरून ओढून घेतलं.

ती एकटी गेली. वाटेत पुलावर लोक जमले होते. तिला थांबायचं नव्हतं, पण पाय थांबले. खाली, धरणापासून पुलापर्यंत, दोन्ही काठांना पांढरा पट्टा होता. कुणीतरी चुना ओढल्यासारखा. तो वाऱ्यानं आणि पाण्यानं हलत होता, आणि अधूनमधून त्यात काहीतरी जिवंत तडफडायचं, चमकायचं, पुन्हा पांढरं व्हायचं. पक्षी इतकं खाऊन बसले होते की माणसं जवळ गेली तरी उडत नव्हते.

बाई गुडघाभर पाण्यात उभ्या होत्या. हातात छोटं जाळं होतं. जिवंत दिसेल ते उचलून त्या प्रवाहाच्या मध्यात सोडत होत्या. एक सोडायला जायचं आणि यायचं, तोवर दहा मरत होती. त्यांनी वर बघितलं. धाकटी तोंड उघडणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "माझ्याशी आत्ता बोलू नका. वर जा. लिहा."

धाकटीनं लिहिलं. अकरा जाळ्या, फट सहाऐवजी आठ. बनवणाऱ्याची नजर गेलेली आहे, त्यानं ते लपवलं. बहिणीनं माल तपासला नाही. काल दुपारी बहिणीला चूक कळली होती, तिनं ती सकाळपर्यंत दाबून ठेवली. हे शेवटचं वाक्य साहेबांनी दोनदा वाचलं.

"हे लिहायलाच पाहिजे असं नाही," ते म्हणाले.

"राहू द्या," ती म्हणाली.

पाऊण तासात जनित्र थांबलं. इतक्या वर्षांची घरघर थांबल्यावर कानात दडे बसल्यासारखं झालं. पण केंद्र दोन दिवसांपेक्षा जास्त बंद ठेवता येणार नव्हतं, आणि उतरणीचे अजून अकरा दिवस बाकी होते. दोन दिवसांत अकरा जाळ्या नव्यानं होणं शक्य नव्हतं. धाकटीनं बारीक छिद्रांचा पत्रा शोधून काढला आणि तो जुन्या जाळ्यांवर समोरून जोडायचं ठरवलं. त्यानं पाणी कमी जाईल, जनित्र निम्म्या ताकदीनं चालवावं लागेल. साहेब म्हणाले, चालवतो.

घरी येऊन ती पत्रा कापायला लागली तेव्हा वर्कशॉपच्या दारात वहिनी आली. अख्ख्या रस्त्यानं तिला सगळं सांगून टाकलं होतं. तिचे डोळे सुजले होते.

"माझ्या नवऱ्याला दिसत नाही हे मला भाजीवालीनं सांगावं?" ती म्हणाली. "तुला काल माहीत होतं. तू काल रात्री माझ्या शेजारी बसून जेवलीस."

मग वहिनीनं पदर खोचला, पक्कड उचलली आणि विचारलं, "काय करायचंय याचं?" बत्तीस वर्षांच्या संसारात तिनं वर्कशॉपमधल्या वस्तूला हात लावला नव्हता. दोन दिवस ती केंद्रावरून काढून आणलेल्या जाळ्यांवर, तारांना पीळ मारून, पत्रा बांधत राहिली. हात सोलून निघाले. एरवी तोंड मिटत नसे, पण त्या दोन दिवसांत ती धाकटीशी कामाव्यतिरिक्त एक शब्द बोलली नाही. दादा खोलीतून बाहेर आला नाही.

जाळ्या बसल्या. उरलेल्या दिवसांत पन्हळातून पिल्लं उतरत राहिली. रोज शेकड्यांनी, एकदा दोन हजार. पण मोठी झुंड गेली होती ती गेलीच. उतरण संपल्यावर बाईंनी हिशेब जुळवला आणि वर्कशॉपमध्ये येऊन उभ्याउभ्याच सांगितला. पहिल्या तीन दिवसांत मिळून पाच हजार मेली. त्या एका रात्रीत बारा हजार.

"वाचली ती चार वर्षांनी अंडी घालायला परत येतील," बाई म्हणाल्या. "तेव्हा वर चढताना मी मोजेन. किती कमी आली ते तेव्हा कळेल."

"तुम्ही अकरा वर्षं..." धाकटी म्हणाली.

"हो," बाई म्हणाल्या. "अकरा वर्षं." आणि गेल्या. नव्या जाळ्यांचं काम दुसऱ्या गावातल्या वर्कशॉपला मिळालं.

दादाला डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग होता. गेलेली नजर परत येणार नव्हती. वर्षभर आधी आला असता तर थोडी राखता आली असती, डॉक्टर म्हणाले, आणि वहिनी तिथंच खुर्चीत वाकून रडली. दादानं धाकटीशी बोलणं टाकलं. जेवायला तिघं एकत्र बसायची, मीठ लागलं तर तो वहिनीकडे मागायचा, मिठाची वाटी धाकटीच्या हाताशी असली तरी. धाकटी फाटकांची, कुलपांची, मोडक्या खुर्च्यांची कामं करायची. प्रत्येक माप दोनदा घ्यायची. असे पाच महिने गेले.

एक दिवस संध्याकाळी ती वर्कशॉपच्या पायरीवर बसली होती. दादा भिंतीला हात लावत आला आणि शेजारी बसला. तिच्याकडे बघायचं म्हणून त्यानं तोंड दुसरीकडे वळवलं. आता तो माणसाकडे तसाच बघायचा.

"किती मासे गेले?" त्यानं विचारलं.

तिला वाटलं, खोटं सांगावं. मग तिनं सांगितलं. "सतरा हजार."

"माझ्यामुळे."

"पाच हजार तुझ्यामुळे," ती म्हणाली. "बारा हजार माझ्यामुळे."

"ती रात्र मी मागितली होती."

"मी दिली."

"मी सकाळी येणार होतो, धाकटे. शप्पथ. उठलो होतो मी. शर्ट घातला होता पांघरुणाखाली." त्याचा आवाज फाटला. "पण पुन्हा उठवेचना मला."

धाकटीला रडू आलं नाही. आलं असतं तर मोकळं वाटलं असतं. तिनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवावा असं मनात आणलं, पण हात उचलला नाही. आतून वहिनीनं दोघांना जेवायला हाक मारली, मग पुन्हा मारली. रस्त्यावरून लोक जात होते, त्यांतल्या कुणी कुणी दादाला हटकलं आणि त्यानं आवाजावरून ओळखून मान हलवली. तिसऱ्या हाकेला धाकटी उठली. दादाच्या दंडाला धरून तिनं त्याला उभं केलं, आणि दोघं आत गेली.